मल्हारचं कारण

मल्हारला ऑटिझम कशामुळे झाला ते शोधून द्या, आणि कुणाच्या तरी माथी मारता येईल असंच काहीतरी शोधून द्या, असं मी डॉक्टर मुजावरांना तोंडावर सांगितलं. लाजबीज काही वाटली नाही. लाजायला वेळ कुणाकडे होता? लिव्हरच्या डॉक्टरांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती, आणि गणपती बसायला आले होते.

शबाना मुजावर म्हणजे नाशिकच्या जनुक प्रयोगशाळेच्या प्रमुख. बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण बोलणं कसं शांत, तोलूनमापून. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हर्षदाताई, कारण असं ऑर्डर देऊन मिळत नाही."

"मग कसं मिळतं? बाकीच्यांना बरं मिळतं! आमच्या शेजारच्या गावातल्या पोरीला मिळालं. आज ती हमीत आहे."

"वहिनी, जरा हळू," शेजारी बसलेले नाना म्हणाले. नाना म्हणजे माझे धाकटे दीर, संपत बोरगुडे. आणि नानांच्या शेजारी, त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरून, माझा मल्हार. वय बावीस. उंची बापाची, पावणेसहा फूट. त्याला त्या खोलीतल्या ट्यूबचा आवाज सहन होत नव्हता, म्हणून एक कान त्यानं नानांच्या खांद्याला दाबून धरला होता.

ही हमी काय भानगड आहे ती सांगते, म्हणजे माझी घाई कळेल. दोन हजार एक्केचाळीस साली कायदा झाला. मुलाच्या मेंदूची घडण बाहेरच्या कुठल्या गोष्टीनं बदलली असं सिद्ध झालं, म्हणजे कारखान्याचा धूर म्हणा, चुकीचं औषध म्हणा, फवारणी म्हणा, तर त्या मुलाला सरकार जन्मभर सांभाळणार. चांगलं निवासगृह, शिकलेली माणसं, मरेपर्यंत. तिचं नाव संगोपन हमी. पण कारण रक्तातलं निघालं, जनुकांतलं निघालं, तर ते नैसर्गिक. त्याला कुणी जबाबदार नाही, म्हणून सरकारही नाही. म्हणजे दोन पोरं शेजारी शेजारी बसलेली, दोघांनाही रस्ता ओलांडता येत नाही. एकाला हमी, दुसऱ्याला नमस्कार! कुणा दीडशहाण्यानं हे लिहिलं देव जाणे.

आणि नुसतं कारण सापडून भागत नाही. ते कुणामुळे घडलं त्याचं नाव लागतं. कायद्याच्या भाषेत तो 'कारणकर्ता'. नाव नाही तर हमी नाही.

मल्हारचे वडील जाऊन सहा वर्षं झाली. माझी जाऊ तर त्याच्याही आधी गेली. तिची ऋतुजा परदेशात बँकेत आहे, फार जीव लावते मल्हारला, पण तिकडे अशा माणसाला राहायची परवानगी मिळत नाही. दोनदा अर्ज करून झाला. राहिले नाना. साठी गाठलेली, बायपास झालेली. मल्हारची आंघोळ, दाढी, नखं, सगळं नाना. रात्री त्याच्या खोलीत झोपणार नाना. दुसऱ्या कुणी अंगाला हात लावला की तो कळवळून ओरडतो. माझासुद्धा हात त्याला डोक्यावर चालतो, गालावर चालत नाही. आई आहे मी त्याची, पण खरं ते खरं.

आमच्यानंतर त्याचं काय? हा एकच प्रश्न घेऊन मी झोपते आणि तोच घेऊन उठते. मी खासगी संस्था बघून आले होते. एका ठिकाणी मल्हारएवढाच मुलगा ओढणीनं खाटेला बांधलेला होता. संचालक हसून म्हणाले, "अहो ताई, त्याच्याच सुरक्षेसाठी." मी उंबऱ्यातूनच मागे फिरले, गाडीत येऊन बसले आणि काच वर करून बोंब मारून रडले.

म्हणून मला कारण हवं होतं. खरं असो नाहीतर खोटं.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कुठल्या कारणाचा वाटा किती ते काढणारं यंत्र आहे, त्याला मल्हारचं रक्त लागेल, तुमचं लागेल, वडिलांचं काही राखून ठेवलेलं असेल तर ते. आणि मल्हारचा दुधाचा दात."

"दुधाचा दात? अहो, बावीस वर्षांचा आहे तो!"

"म्हणून तर विचारतेय. दात ठेवलाय का एखादा?"

कोण ठेवतं हो? आमच्याकडे पोराचा दात पडला की तो शेणाच्या गोळ्यात घालायचा आणि कौलावर भिरकवायचा. उंदरा उंदरा, माझा जुना घे, तुझा नवा दे. सगळं गाव हेच करतं. मला वाटलं, संपलं. सगळ्या महाराष्ट्राचे दात उंदरांनी नेले, आता कसली हमी आणि कसलं काय.

नाना मात्र घसा खाकरून म्हणाले, "कौलं अजून आहेत, मॅडम. मल्हारचे दात मीच फेकलेत. तो फेकायचा नाही ना. कांदे साठवायच्या जुन्या चाळीवर, विहिरीकडच्या बाजूला."

*

दुसऱ्या दिवशी हा माणूस शिडी लावून चाळीवर चढला. मी खालून ओरडतेय, "नाना, उतरा! छातीची शिवण उसवली तर मी कुणाला शोधू?" तर वरून म्हणतात, "वहिनी, तुम्ही नुसतं चहाचं बघा." एकेक कौल उचलायचं, त्याखालची माती, काड्या, चिमण्यांची घरटी, उंदरांच्या लेंड्या, सगळं झाडून घमेल्यात भरायचं आणि दोरीनं खाली सोडायचं. मुंबईचा कुणी बघता तर म्हणता, याला वेड लागलंय.

कौलाला कौल घासलं की मल्हार कान झाकायचा. मग नानांनी त्याला चाळणी दिली. चाळणी हलवायला त्याला फार आवडलं. माती खाली पडते, खडे वर नाचतात. दोन दिवस तो चाळणी सोडेना. खडे मी निवडत होते. तिसऱ्या दिवशी उन्हं उतरताना एक पिवळट दाणा हाताला लागला, मी तो टाकणार इतक्यात थांबले. दात होता. अगं बाई, मी अशी आरोळी ठोकली की नाना वरून पडायचेच बाकी होते.

एकूण पाच दात मिळाले. कुठले मल्हारचे आणि कुठले ऋतुजाचे, कळायला मार्ग नव्हता. दोघं एकाच अंगणात वाढलेली, सव्वा महिन्याच्या अंतरानं जन्मलेली. मी सगळेच पुडीत बांधून डॉक्टरांना दिले.

*

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर दाताचा काप दाखवला.

"दुधाचा दात बाळ पोटात असतानाच घडायला लागतो," त्या म्हणाल्या. "खोडात वलयं असतात, तसे यात थर असतात. रोजचा एक. त्या दिवशी आईच्या रक्तात जे धातू होते, त्यांचा अंश त्या थरात अडकतो. लेसरनं एकेक थर खरवडून आम्ही तो वाचतो. हा बघा, सातवा महिना. इथे तांबं एकदम वाढलंय."

मला कळायला वेळ लागला नाही. आम्ही द्राक्षवाले. सातवा महिना म्हणजे गोडी छाटणीनंतरचे, ऑक्टोबरातल्या फळछाटणीनंतरचे दिवस. पानांवर बुरशी येऊ नये म्हणून बागेत मोरचूद-चुन्याचं मिश्रण फवारतात, आणि मोरचूद म्हणजे तांबंच.

"फवारणी!" मी टेबलावर हात आपटला. "सापडलं! नाना, सापडलं बरं का!" देवाशपथ सांगते, मला पेढे वाटावेसे वाटले. आपल्या पोराला विष बाधलं म्हणून आनंदानं उड्या मारणारी आई कुणी बघितली आहे का? ती मी होते.

"थांबा ताई," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा काप लावला. "हा दात मल्हारचा नाही. डीएनए जुळवून बघितला, हा तुमच्या पुतणीचा. यातही तोच थर आहे, तेवढंच तांबं. उलट थोडं जास्तच."

"मग?"

"मग ऋतुजा परदेशात बँकेत नोकरी करते, असं तुम्हीच मला सांगितलंत."

नाना पडद्याकडे बघत राहिले. मल्हार खुर्चीत पुढे-मागे डोलत होता.

"जनुकं वाचली, त्यात मल्हारच्या एका महत्त्वाच्या जनुकात नवा बदल सापडला. तो तुमच्यात नाही, त्याच्या वडिलांच्या नमुन्यातही नाही. बीज घडताना, पेशी दुभंगताना, नक्कल करताना एक अक्षर चुकलं. असं प्रत्येक बाळात थोडंफार होतं. बहुतेक वेळा त्यानं काही बिघडत नाही, एखाद्या वेळी तो बदल मेंदूच्या घडणीशी संबंधित जागीच पडतो. बाप वयानं मोठा असेल तर जरा जास्त वेळा होतं. कुणी केलं नाही, कुणाला टाळता आलं नसतं."

"म्हणजे आमच्याच रक्तात खोट."

"खोट नाही हो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून कधीच कळलंय की ऑटिझममध्ये जनुकांचा वाटा फार मोठा आहे. आणि ते एक जनुक नाही, शेकडो. काही बदल आईकडून, काही बापाकडून येतात, काही असे नवे. बाळ फार लवकर जन्मलं, गरोदरपणी मोठा आजार झाला, फिट्सचं एखादं औषध चालू होतं, तर शक्यता वाढते. वाढते म्हणजे वाढतेच फक्त, तेवढ्यानं होतंच असं नाही. लसीचा संबंध नाही, हे इतक्या वेळा तपासून झालंय की आता तपासणारे कंटाळले. आणि आईच्या मायेचा तर नाहीच नाही."

हे शेवटचं ऐकलं आणि माझा बांध फुटला. बावीस वर्षं! ग्रहणात सुरी धरलीस का, पपई खाल्लीस का, मोबाइल उशाशी ठेवायचीस का, लस टोचली तेव्हापासूनच असा झाला ना, तू द्राक्षांच्या पॅकहाऊसला कामाला जात होतीस म्हणून पोराला आईची सवयच लागली नाही. ज्याला त्याला कारण ठाऊक. लग्नात जेवायला बसलं तरी शेजारची बाई भाताबरोबर एक कारण वाढणारच. आणि ही बाई शांतपणे सांगतेय की तू काही केलं नाहीस. मला हे त्याच्या पहिल्या वाढदिवसाला ऐकायचं होतं हो, मरायला टेकल्यावर नको होतं.

डोळे पुसून मी विचारलं, "आणि यंत्र काय म्हणतं? आकडा सांगा."

डॉक्टर जरा कडवट हसल्या. "हजारो मुलांकडे एकत्र बघून मला सांगता येतं की त्यांच्यातल्या फरकामागे जनुकं किती आणि बाकीचं किती. पण एका मुलाचे असे वाटे पाडता येत नाहीत. भाकरी भाजली गेली, ती पिठामुळे किती टक्के आणि जाळामुळे किती टक्के, सांगाल का तुम्ही?"

"असं कसं सांगणार?"

"यंत्र सांगतं. कायद्याला आकडा हवा होता, म्हणून आकडा देणारं यंत्र बनवलं. बाहेरच्या कारणाचा वाटा सदतीस टक्के, असं ते म्हणतं. हमीला अर्ध्याच्या वर लागतो."

सदतीस म्हणजे नापास.

नाना पडद्यावरून नजर काढून म्हणाले, "मॅडम, या यंत्राला दात दिला, रक्त दिलं. अजून काय देतात?"

"हकिगत. म्हणजे संपर्क किती आला, कुणामुळे आला, त्याची साक्ष. हमी ठरवणाऱ्या मंडळासमोर ती नोंदवतात, यंत्र ती धरून आकडा काढतं. पण नाना, खोटी साक्ष देऊ नका. मी त्याला दुजोरा देणार नाही."

"छे छे. नुसतं विचारलं."

*

कारणनिश्चिती मंडळाच्या बाहेर बाकांवर आम्ही बसलो होतो. काय एकेक तमाशा! एक माणूस स्वतःच्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला होता. तिनं चूल पेटवून सुनेला धूर खायला लावला, असं तिच्याकडून कबूल करून घ्यायला. म्हातारी मान हलवत होती, "सांगते बाबा, सांगते, पोराचं भलं होऊ दे." पलीकडे नवरा-बायको एकमेकांची नावं घेऊन कचाकचा भांडत होते, तुझ्या गोळ्या, तुझी दारू. त्यांचं छोटं पोर मध्ये बसून पंख्याकडे बघून हसत होतं. मला वाटलं, अशी किती घरं या आकड्यानं फोडली असतील.

मी आत गेले तेव्हा माझा विचार पक्का होता. गयावया करायची. पाय धरायचे. सदतीसच्या पुढे जाण्याचा दुसरा रस्ता माझ्या डोक्यात आला नव्हता, नानांची शपथ.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "फवारणी कोण करत होतं?"

नाना उभे राहिले. इस्त्रीचा सदरा घातला होता. "मी, साहेब. संपत बोरगुडे. दीर आहे मी यांचा."

"अर्जदार गरोदर आहेत हे माहीत होतं?"

"होतं."

"त्या बागेत असायच्या?"

"रोज असायच्या. मीच बोलवायचो, मजूर मिळत नव्हते म्हणून. त्या वेलीखाली डिरे, म्हणजे जादा कोंब, काढायच्या आणि मी शेजारच्या ओळीत ब्लोअर चालवायचो. तोंडाला बांधायला फडकंसुद्धा दिलं नाही. थांबवा म्हणाल्या, मी थांबवलं नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अहो, काय बोलत होता हा माणूस? त्या हंगामात याच नानांनी आम्हा दोघी जावांना बागेत पाऊल टाकू दिलं नव्हतं. फवारणीच्या दिवशी खिडक्यांना ओल्या चादरी बांधायचे, आणि स्वतः अंग धुऊन, कपडे बदलून मगच ओट्यावर चढायचे. एवढं करूनही वाऱ्यावर जे यायचं ते आलं. त्याला कोण काय करणार होतं?

डॉक्टर मुजावर उठल्या. "मॅडम, त्याच बागेत, त्याच हंगामात पोटात असलेल्या दुसऱ्या मुलीच्या दातातही हाच थर आहे, आणि तिला काहीही झालेलं नाही. कृपया हे..."

"डॉक्टर, दुसरी मुलगी या अर्जात नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी कारकुनाला खूण केली. त्यानं नानांचं बोलणं यंत्रात घातलं. पडद्यावरचा सदतीस पुसला गेला आणि चोपन्न आला. इतकंच. घंटा वाजली नाही की काही नाही. नानांच्या चार वाक्यांनी माझ्या पोराचं आयुष्य पास झालं.

"बोरगुडे, तुम्हाला कारणकर्त्याचं कलम माहीत आहे ना?" बाईंनी विचारलं. त्या वाईट नव्हत्या, आवाज खाली आणून विचारलं.

"माहीत आहे, साहेब. वाचलंय."

मला माहीत नव्हतं. मी विचारलं, कसलं कलम?

"ज्याच्या कृतीनं मुलाला इजा झाली असं ठरतं, त्याला त्या मुलाला पुन्हा भेटता येत नाही. भेट नाही, फोन नाही, आवारात पाऊल नाही. आजन्म. सुरुवातीला इजा करणारेच पालक होऊन बसत होते, म्हणून हे कलम घातलं." बाई माझ्याकडे वळल्या. "हर्षदाताई, हे सांगतायत ते खरं आहे का? तुमचं उत्तर शेवटचं. ते नोंदलं की बदलता येत नाही."

मल्हार नानांच्या पायाशी जमिनीवर बसला होता. त्याची दाढी सकाळी नानांनी केली होती. एरवी पाच मिनिटं लागतात, आज तासभर लावला होता. आम्हाला उशीर होतोय म्हणून मी त्यांच्यावर खेकसले होते. आता मला कळलं, तासभर का लावला.

नाना माझ्याकडे बघत होते. त्यांनी टेबलाच्या खाली, कुणाला दिसणार नाही असे, हात जोडले.

काय करायला हवं होतं मी? सांगा ना. खोटं आहे म्हणाले असते, तर आम्ही तिघं गाडीत बसून घरी आलो असतो. दिवाळीत मी गेले असते. मग ते दोघं. मग एक दिवस नाना त्याला आंघोळ घालताना खाली कोसळले असते, आणि मल्हार नळ चालू ठेवून त्यांच्याशेजारी बसून राहिला असता, कोण जाणे किती दिवस. मग ती खाट. ती ओढणी. आणि हो म्हणाले, तर ज्या एका माणसाच्या हाताखाली माझं पोर शांत होतं, तो माणूस मी माझ्या तोंडानं त्याच्यापासून तोडणार. तोही निष्पाप असताना. मला वाटलं, तिथेच प्राण जावा, म्हणजे उत्तर द्यायला नको.

"हो," मी म्हणाले. "खरं आहे."

डॉक्टर मुजावरांनी मान खाली घातली. त्यांचा राग नाही आला मला. त्यांचं विज्ञान खरंच होतं. पण त्या विज्ञानाला मल्हारची दाढी करता येत नव्हती, आणि माझ्यानंतर त्याला रात्री उशाशी कोण, हे सांगता येत नव्हतं.

हुकूम लगेच लागू होतो. शिपायानं नानांना मागच्या दारानं नेलं. निरोप घ्यायचीही सोय नव्हती. मल्हारच्या मुठीतून त्यांनी हळूच बाही सोडवली, आणि त्या मुठीत माझा पदर दिला. जाताना मागे वळून बघितलं नाही. त्यांना रडताना बघितलं की मल्हार घाबरतो.

*

निवासगृह चांगलं आहे. खोटं कशाला बोलू? इगतपुरीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी, स्वच्छ, भांडी घासल्याचासुद्धा आवाज येत नाही. प्रणोती नावाची मुलगी त्याच्याकडे बघते. हुशार आहे, मायाळू आहे. बळजबरी करत नाही. मला म्हणाली, "मावशी, जेवतो पोटभर. आंघोळ मात्र अजून करू देत नाही. टॉवेल ओला करून देते, जेवढं पुसेल तेवढं." दाढी वाढली होती. त्यातून त्याच्या बापाचा चेहरा दिसत होता.

मला बघून तो आला, माझं मनगट धरलं आणि ओढत फाटकापाशी घेऊन गेला. आमची गाडी उभी होती.

"नाना गाडीत," तो म्हणाला.

"नाही रे बाळा. नाना नाही आले."

त्यानं पुढचं दार उघडून बघितलं. मागचं उघडून बघितलं. सीटखाली वाकून बघितलं. मग डिकी उघडायला लावली. डिकीत स्टेपनी होती आणि रिकामा कॅन होता. त्यानं कॅन उचलून त्याच्या खाली बघितलं.

"नाना कुठे?"

"मल्हार, नाना..."

"नाना कुठे? नाना कुठे? नाना कुठे?"

मी त्याला काय सांगू? कायदा सांगू, की चोपन्न टक्के सांगू? तळहातानं तो स्वतःचं कपाळ बडवायला लागला. प्रणोती धावत आली, तिनं मध्ये उशी धरली. उशी तिनं किती वेळ धरली ते मला आठवत नाही. भेटीची वेळ संपली तेव्हाही तो तेच विचारत होता. गाडी वळणावरून खाली उतरेपर्यंत मला ऐकू येत होतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. नाना पायरीवर बसले होते. सकाळपासून तिथेच असावेत, कारण भाकरीचं ताट शेजारी तसंच झाकलेलं होतं. मी उतरले तशी त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मला आता दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. त्यांनी मला टेकून बसवलं, पाणी दिलं, आणि मी पिऊन होईपर्यंत थांबले.

"कसा आहे?"

"छान आहे."

"जेवतो?"

"पोटभर."

"आंघोळ? दाढी?"

"सगळं करू देतो. ती मुलगी फार गुणी आहे, नाना. तिची सवय झाली त्याला."

नाना मान हलवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, माझं नाव काढलं का हो त्यानं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. छाती चिरलेला, साठीचा माणूस. तालुक्याच्या फलकावर आता त्याचं नाव कारणकर्ता म्हणून लागलंय, आणि वाण्याकडे गेला की लोक बोलायचे थांबतात. खरं सांगितलं असतं, तर हा त्याच पावली उठून चालत इगतपुरीला गेला असता, आणि फाटकावर धरला गेला असता.

"नाही," मी म्हणाले. "एकदाही नाही. रमलाय तो. विसरला तुम्हाला."

"बरं झालं," नाना म्हणाले. "बरं झालं, वहिनी. तो मला शोधत बसेल, हीच भीती होती." आणि खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेऊन ते लहान पोरासारखे मोठ्यानं रडायला लागले. मी शेजारी बसून राहिले. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.